मुशी जेवत नाही

तुम्ही कधी मासळीबाजारात जाऊन "शार्कसाठी कोळंबी द्या" असं म्हणून बघितलंय का? मी म्हणते. त्यावर काय काय ऐकून घ्यावं लागतं ते माझं मला माहीत!

लालबागला एका चाळीच्या तळमजल्यावर आमचं फिशटँकचं छोटं दुकान आहे आणि दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत आमचं घर. आमचे हे दुकान बघतात, मी गल्ल्यावर बसते आणि माझ्या सासूबाई, म्हणजे आई, आम्हा दोघांवर लक्ष ठेवतात. गिऱ्हाईक येतं, मासे घेऊन जातं आणि जाताना एखादा किस्सा आमच्याकडे ठेवून जातं. अशी पोतडी भरून गेलीय. पण सगळे सांगत बसले तर दुकान कोण उघडणार? म्हणून आज फक्त कांबळे मॅडमच्या अंड्याचे सांगते.

कांबळे मॅडम परळच्या एका हॉस्पिटलात सिस्टर आहेत. त्यांच्याकडे बांबू शार्कची जोडी होती. अंगावर पट्टे, दिवसभर वाळूवर पडून राहणार, माणसाच्या वाटेला जाणार नाहीत. छोटे म्हणायचे, तरी तीन फुटांपर्यंत वाढतात. मॅडमनी त्यांना खोलीची अख्खी भिंत दिली होती. मग त्यांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. भाड्याच्या घरात कॉट मावेना, तिथे ती टाकी कुठे मावणार? जोडी कर्जतला त्यांच्या ओळखीच्या एका जाणकाराच्या मोठ्या टाकीत गेली. मागे राहिलं एक अंडं. आधीची सगळी अंडी खराब झाली होती. ह्या एकातच हालचाल होती, आणि कर्जतच्या रस्त्याचे धक्के त्याला सोसतील असं मॅडमना वाटेना.

"वहिनी, एवढं एक जगू दे," म्हणाल्या. जोडी गेली तेव्हा त्या रडल्या नव्हत्या. अंडं आमच्या बाहेरच्या खोलीतल्या टाकीत ठेवताना मात्र डोळे पुसले.

ह्यांनी तेव्हाच सांगून टाकलं, "पिल्लू मोठं झालं की आमच्याकडे नाही हं ठेवायचं. आईबापांकडे कर्जतला. आमची टाकी त्याला पुरायची नाही."

मॅडम म्हणाल्या, "म्हणूनच तर तुमच्याकडे आणलं."

* * *

शार्कचं अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं नसतं बरं का. चपटं, तपकिरी, चामड्याच्या पाकिटासारखं दिसतं. आईंनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा चष्मा लावून टाकीपाशी गेल्या आणि ओरडल्या, "अगो, गिऱ्हाईकाचा पाकीट पडला बघ पाण्यात! आत काय असात तर भिजात!"

हे म्हणाले, "आई, आत पोर आहे."

आईंनी चष्मा पुसून पुन्हा लावला.

* * *

अंड्याच्या मागून टॉर्च धरला की आतलं पिल्लू वळवळताना दिसतं. मॅडम ड्युटी संपवून यायच्या, टॉर्च धरायच्या, बघायच्या आणि मग चहा घ्यायच्या. ही बातमी चाळीत पसरायला कितीसा वेळ लागतो! रोज संध्याकाळी आमच्याकडे बायकांची रांग. सगळ्या म्हणायच्या, "चला, सोनोग्राफी बघायला."

एकदा शेजारच्या सावंतकाकूंनी अगदी मान वेळावून विचारलं, "मॅडम, मुलगा की मुलगी?"

मॅडमनी टॉर्च बंद केला. "ते विचारायचं नाही काकू. कायद्याने गुन्हा आहे!"

* * *

आत डोकावून अंडं बघणाऱ्या गिऱ्हाईकांनाही शार्क पाळायची हौस यायला लागली. हे कुणालाही सरळ विकत नाहीत, आधी प्रश्न विचारतात. दादरचे एक गृहस्थ आले. नवा फ्लॅट, हॉलमध्ये शार्क पाहिजे, पाहुण्यांवर छाप पडली पाहिजे.

ह्यांनी विचारलं, "टाकी केवढी?"

"टीव्हीच्या शेजारी बसेल एवढी."

"म्हणजे तो तरुण झाला की टीव्ही बाहेर. आणि नीट ठेवलात तर वीस वर्षं जगेल."

"वीस वर्षं?" गृहस्थ विचारात पडले. "माझं होमलोन पण वीस वर्षांचं आहे हो. दोन्ही टेन्शन एकदम नको!"

गप्पी मासे घेऊन गेले. सुखी आहेत. गप्पी पण सुखी आहेत.

* * *

दुसरे खोताच्या वाडीतले एक अंकल. लाकडी घर, वरचा मजला. अंकलची तर अंडं आत्ताच बुक करायची तयारी!

हे समजावत होते, "अंकल, शार्कच्या टाकीत टनाच्या वर पाणी लागतं. तुमची जमीन लाकडी. एखाद दिवशी टाकीसकट सगळं खालच्या घरात जाईल."

अंकल शांतपणे म्हणाले, "खाली माझी मेव्हणी राहते. आमचं बोलणं बंद हाय."

"मग?"

"मग काय मग? पाठव की रे शार्क!"

आम्ही पाठवला नाही, हे वेगळं सांगायला नको.

* * *

आता जो सांगते तो तेव्हा किस्सा वाटला नव्हता.

आमच्या आईंचा तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यावर फार विश्वास. सकाळी उठल्यावर पहिला पेला त्याच पाण्याचा, आणि तो आम्हा सगळ्यांना प्यावाच लागतो. एक दिवस मी दुकानातून आत आले तर आई तांब्याच्या हंड्यातलं पाणी लोट्याने टाकीत ओतत होत्या!

"आई, काय करताय?"

"पाणी कमी झाला होता गो. म्हटला, पोराक पण जरा तांब्याचा मिळू दे. पोटाक बरा असता."

आता त्यांना काय सांगू! शार्कला तांबं म्हणजे विष. माशांच्या कितीतरी औषधांत तांबं असतं, म्हणून ती औषधंसुद्धा आम्ही त्या टाकीजवळ फिरकू देत नाही. मी ह्यांना हाक मारली. ह्यांनी मॅडमना फोन केला. मॅडम युनिफॉर्मवरच धावत आल्या. समुद्रासारखं मिठाचं तयार पाणी दुकानात होतंच. अर्धी टाकी उपसली, नवीन पाणी भरलं, फिल्टरमध्ये तांबं शोषणारा कार्बन घातला.

मग मॅडमनी टॉर्च धरला. बराच वेळ काही हललं नाही. मग हललं.

आई कोपऱ्यात हंडा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मॅडम त्यांच्याजवळ गेल्या. आता काय बोलतात देव जाणे! मॅडम म्हणाल्या, "आजी, हे पाणी मला द्या. पळून पळून घसा सुकलाय."

त्या दिवसापासून आई मॅडमना लेकीला म्हणावं तसं 'बाय' म्हणायला लागल्या.

* * *

आता ती कोळंबीची गोष्ट. आमची कोळीण, जनाबाई. लहान शार्क म्हणजे मुशी, आणि मुशीचं कालवण म्हणजे आमच्याकडे जीव की प्राण. अंड्यातून पिल्लू बाहेर आल्यावर मी पहिल्यांदा तिच्याकडे गेले आणि कोळंबी कशासाठी पाहिजे ते सांगितलं, तेव्हा ती हातातला कोयता खाली ठेवून हसली.

"बाय माझे! लोकं मुशी खातान, तू मुशीला खायला घालतेस?"

"बारीक आहे गं अजून. जेवत नाही."

तिचं हसू तिथेच थांबलं. मी उचललेली कोळंबी तिने माझ्या हातातून काढून घेतली. "ही नको. ही सकाळची हाय. बारक्या पोराला ताजी लागंल." आणि टोपलीच्या तळातून जिवंत, उड्या मारणारी काढून दिली.

त्यानंतर रोज तिचा एकच प्रश्न, "जेवली काय गो?"

रोज माझं एकच उत्तर. "नाही."

* * *

अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू सुरुवातीला पोटातल्या बलकावर राहतं, त्यामुळे पहिले दिवस आम्ही घाबरलो नव्हतो. मग बलक संपला. पोट आत जायला लागलं. पिल्लू दगडाच्या खाली जे बसलं ते बाहेरच येईना. आणि तेवढ्यात गणपती आले!

आमच्या घरी पाच दिवसांचा गणपती. मखराला जागा एकच, टाकीच्या शेजारी. गणपती घरात असताना मासे सोडाच, कोंबडीचं अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून मी हे बघतेय. आईंसमोर कोळंबीचा विषय काढायची ह्यांचीही हिंमत नव्हती. हे कोळंबी दुकानातच सोलायचे आणि आई आतल्या खोलीत गेल्या की गुपचूप चिमट्याने पिल्लापुढे धरायचे. पिल्लू तोंड फिरवायचं.

मॅडम रोज यायच्या. त्या बौद्ध, त्यामुळे आरतीला उभ्या राहत नाहीत, आणि आईही कधी आग्रह करत नाहीत. आरती चालू असताना त्या टाकीसमोर स्टुलावर बसायच्या. आईंनी त्यांच्यासाठी मुद्दाम नैवेद्याआधीच आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं बाजूला काढून ठेवलेलं असायचं. मॅडम ताट हातात घ्यायच्या आणि तसंच खाली ठेवायच्या.

"आजी, हे उपाशी आहे ना, मला घास उतरत नाही."

आई ताट झाकून ठेवायच्या.

चौथ्या दिवशी संध्याकाळी घर भरलेलं होतं. टाकीपाशी सगळ्यांची डोकी, कुणाच्या मोबाईलचा टॉर्च, कुणी काचेवर टकटक करतंय, झांजा वाजतायत, मखराची लाल-हिरवी माळ लुकलुकतेय. मॅडम ह्यांना हळूच म्हणाल्या, "उद्यापर्यंत नाही खाल्लं, तर मला नाही वाटत."

आरती संपली आणि आई गणपतीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. पदर खांद्यावरून घेतला, हात जोडले आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. आमच्या कोकणात देवाला गाऱ्हाणं पुरुष घालतात. हे बघतच राहिले.

"बा देवा म्हाराजा! वर्साप्रमाणे तुझी सेवा केली, ती मान्य करून घे."

सगळे सवयीने म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

"घरात एक पोर उपाशी आसा, म्हाराजा. आज तेच्यासाठी घरात कोळंबी येतली. आमच्या तोंडात जावची नाय, तेच्याच तोंडात जातली. काय चुकला असात तर माझ्या पदरात घाल, पोराच्या नको."

मग सावंतकाकूंनीच सुरुवात केली, "व्हय म्हाराजा!"

आई वळल्या. "जावा आता सगळे घराक! जेवणाऱ्या पोराच्या तोंडाकडे इतक्या जणांनी बघूचा नसता. तुमी जेवशाल काय असे?"

घर रिकामं झालं. आईंनी कोळंबी स्वतः सोलली, वाळूवरच्या छोट्या ताटलीत ठेवली. मग मखराची माळ विझवली. "देवाक काय, काळोखात पण दिसता." नंतर कपाटातून त्यांचं जुनं लुगडं काढलं आणि टाकीवर चहूबाजूंनी पांघरलं.

मॅडम उठल्या. जाताना लुगड्याचा एक कोपरा सरकला होता, तो त्यांनी नीट केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताटली रिकामी होती, आणि मॅडमनी ड्युटीवर जाण्याआधी आईंच्या शेजारी बसून गरम आंबोळ्या खाल्ल्या.