दहावीच्या घरातली शांतता

समोरच्या घरात क्रिकेटची मॅच चालू आहे, पण टीव्हीचा आवाज बंद आहे. मुलगी यंदा दहावीला आहे. चौकार गेला की तिचे वडील टाळीसाठी हात उचलतात आणि तसेच मांडीवर ठेवून देतात.

माझ्या दहावीच्या वर्षी आमचंही घर असंच चवड्यांवर चालायचं. बाबा रोज सकाळी दाढी करताना गुणगुणायचे, सूर थोडा इकडेतिकडे. आई एकदा म्हणाली, "अहो, तिचं लक्ष लागत नाही." साबण लावलेल्या तोंडाने बाबा नुसते हसले आणि गप्प झाले. खरं तर त्या शांततेतच माझं लक्ष लागेना. कान त्या सुराकडे लागलेले असायचे आणि पुस्तकाचं पान तेच.

परीक्षा संपली. टीव्ही लागला, पाहुणे येऊ लागले, मिक्सरही पहाटेपासून फिरू लागला. बाबांना मात्र "आता म्हणा" असं सांगायचं कुणालाच सुचलं नाही. पुढे कितीतरी वर्षं ते मुकाट्याने दाढी करत राहिले. आता सांगावं तर ते नाहीत.

समोर पुन्हा चौकार गेला. या वेळी त्यांनी हात उचललेच नाहीत.