आमच्या व्याह्यांचा फोन

आमच्या व्याह्यांइतका निर्लज्जपणे सुखी म्हातारा अख्ख्या शिरूर तालुक्यात सापडायचा नाही, आणि त्यांचं हे सुख मला अजिबात बघवत नाही. त्यांचा एकुलता मुलगा आणि माझी एकुलती लेक, दोघं नवराबायको जर्मनीत. निमोण्यात ते एकटे, दौंडात मी एकटा. म्हणजे फिटंफाट व्हायला हवी होती. पण त्यांना पोरं फोनवर दिवसातून चारदा भेटतात आणि मला रविवारी पाच मिनिटं!

याचं कारण, संकोच नावाची गोष्ट देवानं त्यांना दिलीच नाही. ढेकर अडकला तरी ते जर्मनीला कळवतात. आमटी झाली की पातेल्यावर फोन धरून माझ्या लेकीला विचारतात, "सूनबाई, बघा बरं, मीठ बेताचं हाय का?" ती तिकडून "थोडं कमी वाटतंय, आबा" म्हणते आणि हे खरोखर चिमूटभर टाकतात. विहिरीवरची मोटर सुरू होईना तेव्हा वायरमनला सोडून मुलाला मीटिंगमधून उठवलं. व्हिडिओ कॉलवरही फोन कानालाच लावतात, त्यामुळे पोरांनी त्यांचं तोंड कमी आणि केसाळ कान जास्त पाहिलाय. मला त्या कानाचासुद्धा हेवा वाटतो.

मी उभा जन्म रेल्वेत काढलेला, शिस्तीचा माणूस. त्यात मुलीचा बाप. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये असं आमच्याकडे मानतात. फोनही मी त्याच नियमात बसवला. आपण होऊन करायचा नाही. तिचा आला की "मजेत आहे" म्हणायचं आणि ठेवायचा. गुडघा सुजला, जेवणाचा डबा लावावा लागला, पण मी अवाक्षर काढलं नाही.

परवा व्याही नेहमीसारखं काहीतरी काम काढून दौंडला आले, पिशवीभर लिंबं घेऊन. मी लंगडतोय हे दिसताच त्यांनी फोन काढला.

"अहो, कशाला पोरीच्या जिवाला घोर लावता?" मी ओरडलो.

"ती काय बिनघोर बसलीय व्हय, पाव्हणं? रोज पयलं इचारती, अण्णांकडं कवा जाणार? तुम्ही मजेत म्हंता ते तिला खरंच वाटत न्हाई. म्हणून येतो मी. न्हाईतर दौंडात माझं काय काम हाय?"

माझी खबर माझ्या लेकीला यांच्या तोंडून कळते, हेही मला फारसं आवडलं नाही. जेवून ते एसटीनं गेले. मग मी बराच वेळ फोन हातात घेऊन बसलो आणि जन्मात पहिल्यांदा आपण होऊन लावला.

"अण्णा! काय झालं?" ती घाबरलीच.

"काही नाही गं," मी म्हणालो, "करमत नव्हतं."

ती म्हणाली, "मलापण, अण्णा."