हाल्वार्दुरने विकलेला कॉड

हाल्वार्दुरने आपल्या बोटीचा कॉड मासा पकडायचा हक्क राजधानी रेक्याविकमधल्या कंपनीला विकला, त्याला तीन वर्षं झाली. हक्काशिवाय कॉडला हात लावता येत नाही. कागदावर हक्क त्याचा होता, पण पोट साऱ्या गावाचं त्यावर होतं. महिनाभरात आमचा मासे कापायचा कारखाना बंद पडला. तेव्हापासून सकाळी तो गावाच्या गरम पाण्याच्या कुंडात उतरला की आम्ही गप्प होतो.

काल तोच बोलला, "खाडी कॉडने नुसती उसळतेय. एवढा मासा जन्मात पाहिला नव्हता."

कारखान्यात वीस वर्षं मासे कापलेली स्टेनव्होर कुंडाबाहेर आली. टॉवेल गुंडाळत म्हणाली, "बघ की डोळे भरून. आम्हालाही तू तेवढंच शिल्लक ठेवलंयस."