भर दुपारी जुळलेले कार्बोरेटर

मँगनीजच्या खाणीवरच्या एका साहेबाकडून माझ्या वडिलांनी घेतलेली विलायती गाडी लग्नानंतर माझ्यासोबत सासरी आली. ती चालवता घरात फक्त मला यायची. हे ऑफिसला सायकलने जायचे आणि मी शाळेत शिकवायला गाडीने. खरं सांगते, अख्ख्या नागपुरात तेवढा एकच रुबाब माझा होता.

त्या उन्हाळ्यात ती बंद पडायला लागली. धावताना काही नाही. चौकात पोलिसाने हात दाखवला, की मेली. हे मुकाट्याने उतरायचे, पँट वर दुमडून धक्का मारायचे. मागच्या सीटवरून सासूबाई, "काहून वं, पडली का बंद?" आणि बघे म्हणायचे, "बाई चालवून राहिली ना, मग!" माझा नुसता तिळपापड व्हायचा.

शेवटी यांनी परस्पर ठरवलं, गाडी विकायची. प्रताप नगरला यांच्या मामांचे शेजारी घ्यायला तयार होते. रविवारी मामांकडे रसाचं जेवण होतं, तेव्हाच त्यांना दाखवायची.

"मला विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? धक्का तर मीच मारतो!"

गाडीचा मिस्त्री काही वाईट नव्हता. त्या गाडीला हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला पुरवणारे दोन कार्बोरेटर. दोघांनी सारखी हवा ओढली तर उभ्या गाडीचं इंजिन शांत चालतं, नाहीतर दोन जावांसारखी ओढाताण. तो पहाटे यायचा, स्क्रू फिरवायचा, गाडी छान गुरगुरायची. दुपारी बाहेर काढली की पुन्हा तीच रड.

रविवारी ऊन चढायच्या आत मी कुरडया घालत होते. होळी झाली की आमच्याकडे सगळी कामं अशीच सकाळी उरकायची. वाळवण, बाजार, डॉक्टर, मिस्त्री. आणि एकदम हातातला सोऱ्या थांबला. गाडी मरते दुपारी, आणि आम्ही तिला तपासतो पहाटे! दुपारी ताप चढणाऱ्याला सकाळी थर्मामीटर लावून कळणार काय, डोंबल! गार इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं. तेवढंच तापलेल्या इंजिनाला दिलं की ते गुदमरतं.

मिस्त्रीला निरोप पाठवला. उत्तर आलं, "भर उन्हात बोनट? मरायचं हाय का मले?"

बरं बाबा, मग मीच मरते. सूर्य माथ्यावर आला तसा डोक्याला ओला पंचा गुंडाळला, ऊन लागू नये म्हणून कमरेला कांदा खोचला, गाडी फिरवून चांगली तापवली आणि अंगणात उभी केली. कुलरमध्ये पाणी भरायच्या नळीचा तुकडा कापला. (हे ओरडले. ओरडू दिलं.) मिस्त्री करायचा तशी दोन्ही कार्बोरेटरना जोडणारी दांडी ढिली केली. नळीचं एक टोक कानाशी, दुसरं आधी एका कार्बोरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. एक नुसता सुस्कारत होता, दुसरा फूत्कारत होता. स्क्रू थोडा इकडे, थोडा तिकडे. दोघांचा आवाज सारखा झाल्यावर दांडी घट्ट केली आणि खालच्या नटांनी पेट्रोल कमी केलं. बोटं भाजली, पण बाप्पा! बोनटवर ठेवलेला पाण्याचा पेलासुद्धा हलेना. मी एकटीच मोठ्याने हसले.

मग आम्ही तिघं मामांकडे निघालो. वाटेत चौकात पोलिसाने हात केला. गाडी उभी राहिली. आवाज नाही, हादरा नाही. यांनी सवयीने दार उघडलं, पँट दुमडली आणि मागे जाऊन उभे राहिले. मी काही बोलणार, तेवढ्यात पोलिसाने हात खाली घेतला.

"चालू हाय?" सासूबाईंनी विचारलं.

"चालू आहे."

"मग चाल वं! येईल तो पायी!"

मी गिअर टाकला. आरशात हे दोन्ही हात पुढे करून तसेच वाकलेले दिसले.

चौकापलीकडे कडुलिंबाखाली थांबले, इंजिन चालूच ठेवून. हे धापा टाकत आले, बसले आणि मामांचं दार येईपर्यंत दुमडलेली पँट सारखी करत राहिले. शेजारी वाटच पाहत होते. त्यांनी बोनटला कान लावला, खूश झाले आणि यांना म्हणाले, "झालं, ठरलं समजा."

यांनी रुमालाने मान पुसली. "गाडी हिची आहे. हिला विचारा."

मी नाही म्हटलं, आणि जेवताना आणखी एक वाटी रस मागून घेतला.