फितीपलीकडची शाळा

सीमाबाईंना एका जागी स्वस्थ बसलेलं गावानं कधी पाहिलं नव्हतं. नेवाशाकडच्या त्या गावात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेवर त्या मुख्याध्यापिका होत्या. शिकवताना फिरायच्या, डबा खाताना फिरायच्या आणि फोनवर बोलायला लागल्या की पार शेताच्या बांधापर्यंत जाऊन यायच्या. पण यंदाचं फिरणं वेगळं होतं. यंदा त्यांच्या पर्समध्ये एक किल्ली होती आणि ती त्यांना सुखानं घास गिळू देत नव्हती.

किल्ली होती नव्या शाळेची. जुन्या गळक्या खोल्या पाडल्या तेव्हा पोरं शेजारीच ग्रामपंचायतीच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली. नव्या इमारतीसाठी बाईंनी कुणाकुणाच्या दारात चपला झिजवल्या ते त्यांनाच ठाऊक. नकाशा आला तर इंजिनिअरशीही भांडल्या. रांगेतली बाकं नकोत, गोल टेबलं द्या. वाचायला कोपरा द्या. दोन वर्गांमधली भिंत सरकती करा. आणि भिंतींचा खालचा पट्टा काळा रंगवा, पोरांना खडूनं गिरगटायला! इंजिनिअर वैतागला, पण त्यानं सगळं करून दिलं. दिवाळीला इमारत तयार झाली आणि लगेच दाराला कुलूप लागलं. कारण उद्घाटन व्हायचं होतं.

आपल्याकडे खोली बांधून झाली म्हणजे वापरायची, असं थोडंच असतं? आधी मोठ्या माणसानं फीत कापली पाहिजे आणि मोठ्या माणसाला वेळ नव्हता. एकदा आचारसंहिता लागली, एकदा आमदारसाहेबांच्या घरचं लग्न निघालं, एकदा तर नुसताच निरोप आला की पुढं बघू. मार्च उजाडला, शेडचे पत्रे तापायला लागले.

बाई सरपंचांकडे गेल्या. वाल्मिकराव माणूस वाईट नव्हता, भित्रा होता.

"बाई, जरा दम धरा. साहेबांनी कंपाउंडचं आन् रस्त्याचं कबूल केलंय. त्यांच्या आदी कुलूप काढलं तर समदं बोंबललं म्हणून समजा."

"चौथीची पोरं एप्रिलअखेर शाळा सोडणार, पाचवीला शेजारच्या गावी जाणार. दोन वर्षं शेडमध्ये भाजली ती. एक दिवस तरी त्यांना आत बसू द्या की."

"बसतील, बसतील. तुमी लई घाई करताय."

लई घाई! बाईंचं डोकं तडकलं, पण त्यांनी राग गिळला. नुसता गिळला नाही, तर उलट त्याच नव्या इमारतीच्या राखणदार होऊन बसल्या. पोरं खिडकीच्या काचेला नाक लावून आत डोकावायची आणि बाई शेडमधून ओरडायच्या, "हात काढा आधी! डाग पडतील. उद्घाटनाआधी कुणी आत पाऊल टाकलं तर याद राखा!" चौथीतली संस्कृती मात्र रोज विचारायची, "बाई, आमी जायच्या आदी बसू ना आत?" बाई "बसणार गं" म्हणायच्या आणि दुसरीकडे बघायच्या.

अखेर एप्रिलमधली तारीख मिळाली. मांडव पडला, रांगोळ्या झाल्या, दाराला लाल फीत लागली. पोरं स्वागतगीत घोकत सकाळपासून ताटकळली. दुपारी फोन आला, साहेब येत नाहीत. वाल्मिकराव पुढची तारीख मागायला मोबाईल कानाला लावून पळाले आणि हार तसेच टोपलीत सुकत पडले.

बाईंनी मांडवात एक चक्कर मारली, दुसरी मारली. मग पर्समधून किल्ली काढली आणि सरळ कुलूप उघडलं.

"चला रे, फितीखालून वाका आणि आत व्हा."

कुणी हललं नाही. मग संस्कृतीनं चपला काढल्या, पायरीखाली नीट जोडीनं ठेवल्या आणि उंबऱ्याबाहेर व्हरांड्यात मांडी घालून बसली. तिच्यामागं अख्खी चौथी येऊन ओळीनं बसली.

"अगं, आत या ना!"

"नको बाई, खराब हुईल. आमी हितूनच बघतो."

बाईंना वडील आठवले. भीमराज खर्डा गावाच्या बाजूला एका वस्तीवर वाढले. शाळेत ते असेच बसायचे, उंबऱ्याबाहेर. त्यांना जात बघून बसवलं होतं. तिथून फळ्याची उजवी बाजू दिसायची नाही. "अर्धंच शिकलो बघ मी," असं ते हसत सांगायचे. लेकीनं शिक्षिका व्हावं म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं. आणि त्यांच्याच लेकीनं दटावून दटावून अख्खा वर्ग उंबऱ्याबाहेर बसवला होता! बाईंना स्वतःची भयंकर लाज वाटली.

बाई तशाच चपलांसकट आत गेल्या. नव्याकोऱ्या फरशीवर बसकण मारली, खडू घेतला आणि काळ्या पट्ट्यावर एक वेडावाकडा बैल काढला. त्याला पाच पाय झाले.

"ही बघा, केली खराब. आता तरी याल?"

संस्कृती फितीखालून वाकली. आधी चवड्यांवर आली, मग टाचा टेकल्या. थोड्या वेळानं आत एवढा कालवा माजला की बाईंचं बोलणं बाईंनाच ऐकू येईना.

वाल्मिकराव घामाघूम होऊन परत आले आणि दारातच थबकले. "बाई! आवो, काय केलं हे? सोमवारी येतो म्हनलेत साहेब!"

बाईंनी किल्ली पुढं केली. "घ्या. यांना उठवा, बाहेर काढा आणि लावा कुलूप. माझ्या हातून आता ते व्हायचं नाही."

वाल्मिकरावांनी किल्ली घेतली नाही. संस्कृती भिंतीवर स्वतःचं नाव लिहीत होती, हातभर मोठ्या अक्षरात. त्यांनी ते नाव वाचलं. मग चपला काढायला वाकले.

"राहू द्या चपला," बाई म्हणाल्या. "या आत."

आणि बसल्या जागीच जरा सरकून त्यांनी फरशीवर जागा करून दिली.