चाळीस झिजलेले जोड

सरांनी आयुष्यात दोनदाच झाडू हातात धरला. पहिल्यांदा लग्नानंतरच्या आठवड्यात. तेव्हा बायकोनं केर पाहिला, सरांकडे पाहिलं आणि झाडू काढून घेतला. दुसऱ्यांदा धर्मादाय दवाखान्याच्या जिन्याखालच्या खोलीत. तिथं काढून घ्यायला कुणी नव्हतं, आणि तिथंच घात झाला.

सर विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकवत. त्या वर्षी वरून फर्मान आलं की प्रत्येक विषयाला समाजसेवा जोडायची. विद्यार्थ्यांनी चाळीस तास बाहेर काम करायचं, त्याचा संबंध धड्याशी लावायचा आणि रोज चिंतनवही लिहायची. गणितवाल्यांनी वृद्धाश्रम पटकावला, रसायनवाल्यांनी पाण्याच्या टाक्या. सरांच्या वाट्याला उरला ‘दाब’ हा धडा आणि ही जिन्याखालची खोली.

खोलीत मिस्त्री बसत. मधुमेहानं पायांची जाणीव गेलेल्यांसाठी ते बूट करत. अशा माणसाला खडा टोचला तरी कळत नाही, बूट चावला तरी कळत नाही. कळतं तेव्हा जखम झालेली असते, आणि जखम चिघळली की पाय जातो. म्हणून त्या खोलीत बूट ही चैन नव्हती, औषध होतं.

पहिल्या दिवशी मिस्त्री रबर आणायला गेले होते. कोपऱ्यात फाटक्या, वास मारणाऱ्या बुटांचा कमरेएवढा ढीग. सर बारा विद्यार्थ्यांना म्हणाले, “सेवेची सुरुवात स्वच्छतेपासून!” अर्ध्या तासात चाळीस जोड कचऱ्याच्या गाडीत पडले. गाडी नव्या पद्धतीची, कचरा दाबून चपटा करणारी. दाबाचा धडा असा पहिल्याच दिवशी प्रात्यक्षिकासह पार पडला. भिंतीवरच्या खिळ्याला बायकी वळणाचा एकच चकचकीत बूट लटकत होता; तेवढा मुलांनी पुसून जागेवर ठेवला. एका चष्मेवाल्या मुलीनं चिंतनवहीत लिहिलं, ‘आज समाजाला मोकळी जागा मिळवून दिली.’

मिस्त्री आले आणि कोपऱ्याकडे बघत राहिले.

“इथले जोड?”

“टाकले!” सर हात झटकत म्हणाले. “बघा, खोलीनं कसा श्वास घेतला!”

“सगळे?”

“सगळे.”

मिस्त्रींनी रबराची गुंडाळी हळूच खाली ठेवली. “सर, तुमच्या घरी जुनी कागदपत्रं असतील.”

“पेटीभर आहेत.”

“ती टाकून पेटी मोकळी केलीत का कधी?”

मग उलगडा झाला. प्रत्येक पेशंटचा उतरलेला जोड मिस्त्री ठेवून घेत. माणूस कुठं भार देतो, कुठं घासतो, कुठल्या अंगाला कलतो, ते सगळं झिजलेल्या तळावर लिहिलेलं. ते वाचायचं आणि नवा बूट बेतायचा. “मापाचा कागद पायाचा आकार सांगतो,” मिस्त्री म्हणाले, “वागणूक सांगत नाही.”

बाहेरच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. बसमध्ये कंडक्टर. अंगठ्याखालच्या जखमेनं पाच महिने घरी बसलेल्या. जखम आता कुठं भरली होती. सोमवारी कामावर हजर व्हायचं होतं, कारण ऑफिसनं रजा संपल्याचं कळवलं होतं. आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की जखम पुन्हा उघडली तर अंगठा काढावा लागेल, कदाचित पाऊलही. त्यांचा नवा बूट आज बेतायचा होता आणि त्यांचा जुना जोड कचऱ्याच्या गाडीच्या पोटात होता.

कंडक्टरबाईंनी सगळं ऐकलं होतं. “सर,” त्या म्हणाल्या, “परीक्षेच्या आधी पोरांच्या वह्यापण अशाच झाडून टाकता का?”

सरांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. धरणी सिमेंटची होती.

मिस्त्रींनी मात्र रबराची गुंडाळी बाजूला सारली. ते भिंतीला टेकले, डोळे मिटले आणि म्हणाले, “बाई, तात्पुरत्या चपला आहेत ना पायात? चाला. दारापर्यंत जा, परत या.”

बाई चालल्या. पाचदा गेल्या, पाचदा आल्या. खोलीत तेवढाच आवाज. मग मिस्त्री उकिडवे बसले आणि त्यांनी खडूनं फरशीवर दोन तळ काढले. बोट न अडखळता, जणू समोर ठेवलेलं उतरवून घेताहेत. अंगठ्याखाली आतल्या बाजूला एक ठिपका. आणि डाव्या टाचेच्या बाहेरच्या काठाला एक जाड रेघ.

“चाळीसच्या चाळीस असे डोक्यात आहेत?” सरांनी विचारलं.

“पंचवीस-तीस नक्की. बाकीच्यांना चालवावं लागेल.”

पण सर विज्ञानाचे. त्यांना आदर वाटला, विश्वास बसेना. त्यांनी विद्यार्थ्यांना कामाला लावलं. शाई लावलेलं पातळ रबर, त्याखाली आलेखाचा कागद. पाऊल टेकलं की जिथं दाब जास्त तिथं शाई गडद. चष्मेवालीनं चौकोन मोजले, बल भागिले क्षेत्रफळ केलं. अंगठ्याखालचा ठिपका खडूच्या ठिपक्यावर असा बसला की मुलांनी कागद उचलून पुन्हा ठेवून पाहिला. टाच मात्र कागदावर निर्दोष निघाली.

“मिस्त्री, ही रेघ चुकली,” सर जरा जपूनच म्हणाले.

“तुमचा कागद कधी उभ्यानं बसमधून गेलाय का?” मिस्त्रींनी चामडं कापायची रापी धारेला लावली. “बाई डाव्या अंगाला टेकून तिकिटं फाडतात. गाडी वळली की टाच बाहेर जाते. पाच वर्षं तिथंच झिजत आलंय.”

बूट मिस्त्रींच्या रेघेप्रमाणे झाला. टाचेच्या काठाला मऊ रबराचा आधार, अंगठ्याखाली खळगा. तीन दिवस काम चाललं. मुलं आरी धरायला शिकली, बोटं टोचून घ्यायला शिकली. चष्मेवालीनं एकदा खिळ्यावरच्या चकचकीत बुटाकडे बोट केलं.

“मिस्त्री, हा कुणाचा?”

“माझ्या ताईचा. तेव्हा मी मोठ्या रस्त्यावरच्या दुकानात फॅशनचे बूट करायचो. तिला हौसेनं केला. चावत होता, तिला कळत नव्हतं. मलाही कळलं नाही, पाय जाईपर्यंत.” मिस्त्रींनी दोरा दातानं तोडला. “ताईनं कधी बोल लावला नाही. तेच अवघड जातं.”

चष्मेवालीनं आपल्या वहीतलं ‘मोकळी जागा’चं पान फाडून टाकलं. सरांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. त्यांनाही एखादं पान फाडायचं होतं, पण त्यांची वही बायकोच्या डोक्यात होती. (“चाळीस? सगळेच्या सगळे? एखादा तरी विचारून टाकायचा!” हे वाक्य त्या आठवड्यात घरात रोज जेवणाबरोबर वाढलं जात होतं.)

सोमवारी सर आणि चष्मेवाली पहिल्या फेरीच्या बसमध्ये चढले. बुटाच्या आतल्या सुट्या तळाखाली चष्मेवालीनं कार्बन आणि कागद बसवला होता, पायाला लागणार नाही असा. गाडी सुटली. बाई डाव्या अंगाला टेकल्या, तिकिटं फाडू लागल्या. पहिलं वळण आलं. सरांनी दांडी घट्ट धरून खाली पाहिलं. टाच बाहेर सरकली. दुसरं वळण, पुन्हा. बावीस वर्षं दाबाचं सूत्र फळ्यावर लिहिणारा माणूस एका टाचेकडे असा बघत राहिला की शेजारच्या आजोबांनी विचारलं, “काही पडलं का तुमचं?”

“हो,” सर म्हणाले. “बरंच.”

चार फेऱ्यांनंतर सगळे जिन्याखाली जमले. मिस्त्रींनी बाईंचा बूट काढला, मोजा काढला आणि हाताची पाठ पावलावरून फिरवली; कारण दाबलेली जागा लाल होण्याआधी गरम होते आणि ते हाताच्या पाठीला आधी समजतं. मग त्यांनी सरांचा हात धरून तसाच फिरवला. अंगठ्याखाली थंड. टाचेला थंड. सगळं पाऊल सकाळच्या माठासारखं गार.

“राहिला ना अंगठा?” बाईंचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला.

“राहिला,” मिस्त्री म्हणाले. “महिनाभर रोज संध्याकाळी दाखवून जा.”

चष्मेवालीनं बुटातला कागद सोडवला. डाव्या टाचेच्या बाहेरच्या काठाला जाड काळी रेघ उमटली होती. तिनं तो कागद फरशीवरच्या पुसट खडूवर ठेवला. रेघेवर रेघ बसली. सरांना खोलीत मोठ्यानं श्वास घ्यायचीही लाज वाटली.

चाळीस तास संपले तोवर उरलेले सगळे पेशंट त्या खोलीत चालून गेले होते, आणि मिस्त्री सांगत गेले तसे मुलांनी चाळीसच्या चाळीस तळ कागदावर उतरवले होते. शेवटच्या दिवशी सर विद्यापीठाचा फॉर्म घेऊन आले. त्यात एक रकाना होता: ‘विद्यार्थ्यांमुळे संस्थेला झालेला लाभ, एका ओळीत.’

“मिस्त्री, इथं काय लिहू?”

मिस्त्रींनी हातातल्या तळावरची नजर काढली नाही.

“लिहा, ‘पुन्हा झाडू मारला नाही.’”