तिसऱ्या गाण्यातला अर्धा शब्द

सीडीवाल्या काकांच्या घरात कधी भांडण व्हायचं नाही. त्यामुळे एकदा झालं, तेव्हा शेजारच्या म्हातारीने चक्क नळ बंद करून ऐकलं.

"सीडी दोनदा वाचली ना मशीनने? दोन्ही वेळा सारखंच आलं ना? मग झालं की!" काकू म्हणत होत्या.

"अगं, एकाच मशीनला दोनदा विचारलं मी. त्याने आधीचंच उत्तर लक्षात ठेवून पुन्हा सांगितलं. सीडीकडे वळूनही बघितलं नाही!"

"मग सांगा जाऊन शिवणवाल्या ताईंना."

"कुठल्या तोंडाने?"

काका लोकांच्या जुन्या सीडींवरची गाणी कॉम्प्युटरमध्ये उतरवून देत. ताईंच्या सीडीवर त्यांच्या गेलेल्या यजमानांनी घरात बसून गायलेली गाणी होती. "तंतोतंत आलंय, केसाचाही फरक नाही," काका म्हणाले. तेवढ्यावर थांबायचं ना! वर शहाणपण शिकवलं, "ती ओरखडलेली सीडी टाकून द्या आता, उगाच अडगळ." ताईंनी टाकली. आठवड्याने काकांनी आपल्याकडची प्रत सहज लावली, तर तिसऱ्या गाण्यात एक शब्द अर्धा गिळलेला. ओरखड्यापाशी मशीनला वाचता आलं नव्हतं. त्याने आपल्या अंदाजाने भोक बुजवून टाकलं होतं.

काका सांगायला म्हणून निघायचे आणि पँट कमरेत आत घ्यायला टाकून परत यायचे. अशा चार पँटी झाल्या.

"पाचवीत पाय जायचा नाही," काकू म्हणाल्या, "त्याआधी बोला."

बोलायला दोन वर्षं लागली. ताईंनी शिवणयंत्रावरचा पाय थांबवला. "रोज ऐकते हो मी. कधी खटकलं नव्हतं. आता तेवढंच ऐकू येईल." रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर काकांना जरा बरं तरी वाटलं असतं.

तेव्हापासून प्रत्येक सीडी दोन वेगळ्या मशीनवर वाचायची, ताडून बघायची, आणि जे निघालं नाही ते चिठ्ठीवर लिहून द्यायचं. गिऱ्हाइकं वैतागत, "काका, गाणी द्या हो, दाखला कशाला?" काका हसायचे. पण ताईंच्या दारावरून जायची वेळ आली की पलीकडच्या गल्लीने वळसा घालायचे.

आयुष्यातल्या शेवटच्या दिवशी सकाळपासून छातीत दुखत होतं, ते कुणाला न सांगता काका तीन जिने चढून एका निवृत्त मास्तरांकडे गेले.

"पाचव्या गाण्यात थोडं गेलंय. माझ्याकडून नाही निघालं."

"चालेल हो."

"आधी ऐका, मग म्हणा."

मास्तरांनी पेन ड्राइव्हवर उतरवलेलं गाणं लावलं; त्यांचं ऐकून होईपर्यंत काका दारातच उभे राहिले. मग जुनी सीडी आणि चिठ्ठी त्यांच्या हातात ठेवली आणि कठडा धरून जिना उतरायला लागले.